गोठ्यामागचे आर्टिचोक

पाकिटावरचं नाव कुणालाच धड वाचता आलं नाही.
भाचा हेमराज देऊन गेला, म्हणाला, लावून तर पाहा मावशी.
चित्रावरून मला वाटलं कमळाची जात.
लीलाधर म्हणाले, न्हावीत कमळ? इथं केळीला पाणी पुरेना.
तरी गोठ्यामागे, म्हशी धुतल्याचं पाणी जिरतं तिथे
मी बोटाने सहा बिया दाबल्या.

थंडी पडेस्तो पानं निघाली
हातभर लांब, राख फासल्यासारखी, करवतीच्या दात्यांची.
निंदायला आलेल्या सुपडाबाईने विळा घातलाच होता,
"उंटकटारा माजला व माय तुह्या घरामागे."
मी ओल्या हाताने धावले.
पाच वाचले.

जानेवारीच्या शेवटी प्रत्येकाच्या टोकाला एक मूठ,
घट्ट, खवल्यांची, आत काही धरून ठेवल्यासारखी.
हेमराज फोनवर एवढंच बोलला:
उमलायच्या आत कापा,
आणि घाईच्या दिवशी करू नका.

घाई नसलेला दिवस शोधण्यात आठवडा गेला.
केळीची कटाई, मग ट्रक, मग ट्रकवाल्याचा रुसवा,
मग धाकटीचं प्रॅक्टिकल.
रविवारी चार कापले. पाचवा अजून लहान होता, राहू दिला.

शिलाईच्या जुन्या कात्रीने एकेक काटा छाटला.
कापलेली कड बघता बघता काळी पडली,
वांग्याची पडते तशी. तेव्हा मला धीर आला.
वांग्याशी माझं तीस वर्षांचं बोलणं आहे.
लिंबू चोळलं, पातेल्यात उभे केले,
वर ताट, ताटावर वरवंटा,
पाऊण तास.

सोबत काय करायचं ते पाकिटावर नव्हतं.
मी केलं आपलं: शेंगदाण्याचं तेल कडक तापवून
त्यात ठेचलेला लसूण, भाजलेली हिरवी मिरची, दाण्याचा कूट.
आणि कळण्याची भाकरी, कारण भाकरीवाचून
या घरात कुणी जेवलं असं धरत नाहीत.

ताटात वाढल्यावर सगळे नुसते बघत बसले.
"याला खायचं कुठून?"
धाकटीने मोबाईलमध्ये पाहून शिकवलं,
पान ओढा, बूड तेलात बुडवा, खालच्या दातांनी खरवडा.
शेवग्याची शेंग खातो तसं.
एका पानावर नखाएवढा गर.
लीलाधर म्हणाले, "हे उपास सोडायचं नाही, धरायचं दिसतंय."
पण ओढत राहिले. कुणी बोलेना.
ताटाकडेचा ढीग वाढत वाढत
आधीच्या फुलाहून मोठा झाला.

नथ्थूबाप्पा, माझे सासरे, हात न लावता बसलेले.
खालची कवळी त्यांनी दिवाळीपासून डबीत ठेवली आहे.
खरवडायला दात लागतात,
हे माझ्या ध्यानातच नव्हतं.

मी माझ्या फुलाची पानं भराभर उतरवली, न खाता.
आत मक्याच्या केसांसारखी लव, ती चमच्याने काढली.
तळाशी उरलं चकतीभर काळीज,
राखी, हिरवट, मऊ.
चार तुकडे करून त्यांच्यापुढे ठेवले.

बाप्पांनी जन्मात कुठल्या भाजीला चांगलं म्हटलेलं नाही.
भरताला नाही, बामणोदची वांगी असली तरी.
हिरड्यांनी दाबलं. दुसरा तुकडा घेतला.
मग तांब्या उचलून पाणी प्यायले,
थांबले, तांब्यात वाकून पाहिलं.

"पाणी कुठलं आज?"
बोअरचंच, बाप्पा. तेच मचूळ.
"गोड लागतं."

आम्ही सगळ्यांनी पिऊन पाहिलं. होतं गोड,
आवळा खाल्ल्यावर लागतं तसं, पण रेंगाळणारं.
लीलाधर तर टाकीचं झाकण उघडून बघून आले.

पानं म्हशीला घातली. ती काही खरवडत बसली नाही.

पाचवा परवा उमलला,
वांग्याच्या फुलाच्या रंगाचा, केसाळ, मधमाश्यांनी भरलेला.
सुपडाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली,
"म्या म्हनलं नव्हतं? उंटकटाराच."